आबांची गाठ

आज गल्लीत मांडववाल्याने बांबूला सुतळी बांधली आणि गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. मला माझे आजोबा आठवले.

नळाचं भांडण असो की कुणाचं लग्न, गल्ली आबांच्या ओट्यावर यायची. कुणी गेलं तर तिरडीही तेच बांधायचे. "गाठ सैल राहिली तर माणूस वाटेत हलतो," म्हणायचे. त्याच हातांनी सकाळी माझ्या बुटांच्या नाड्या बांधायचे. मला कधी बांधू दिल्या नाहीत. त्याचा अजून राग येतो. सगळं त्यांनीच केलं, आम्ही नुसते बघत राहिलो.

ते गेले त्या दिवशी अंगणात बांबू आले, सुतळी आली. माणसं तशीच उभी. शेवटी शेजारचे तात्या सवयीने ओरडले, "अरे, आबांना हाक मारा कुणीतरी!"