टीव्ही उभाच आणायचा

बाबांना चेंडू दिसेना झाला, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

बाबा मोठ्या आंजीत राहायचे. आई गेल्यावरही त्यांनी गाव सोडलं नाही. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर पिकवण्यात त्यांचा जन्म गेला आणि क्रिकेटचं वेड इतकं, की मॅच असली म्हणजे वाफ्यात पाणी तसंच सोडून घरी पळत येत. मी लग्न होऊन सिंदी मेघेत आले, म्हणजे वर्ध्यातच म्हणा ना. तिथे आमचं किराणा दुकान. अंतर असं कितीसं? पण दुकानातून पाय निघत नाही. आंजीला मी जायची ती उभ्या उभ्या. दारात गाडी, हातात किल्ली, डबा ठेवला, औषधं ठेवली, निघाले. बाबा म्हणायचे, "आली तशी चालली? बस तं जरा." मी म्हणायची, "पुढच्या खेपेला बसतो, बाबा." ती पुढची खेप काही वर्षं येतच होती.

मोतीबिंदू काढून झाला तरी बाबा जुन्या चौदा इंची टीव्हीला नाक लावून बसत. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा कमजोर झालाय, आहे तेवढं सांभाळा. मी त्यातून काय घेतलं, तर पडदा लहान पडतोय. आता मी दुकानदार बाई. गिऱ्हाइकाला एका मापात पुरत नसेल तर मोठं माप काढायचं, एवढंच मला कळतं. दोन हजार आठच्या आसपास वर्ध्याच्या दुकानांतून ते चपटे टीव्ही दिसायला लागले होते. मी ठरवलं, बेचाळीस इंची घ्यायचा आणि रविवारच्या मॅचच्या आत आंजीत पोचवायचा. बाबांना चेंडू दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर माझं नाव बदला.

टीव्हीच्या दुकानातला माणूस म्हणाला, "आमची गाडी सोमवारी येईल, मॅडम."

"सोमवारी काय करू त्याचं? आरती? मॅच रविवारी आहे. मी नेते माझ्या गाडीतून."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग एकच सांगितलं, की काही झालं तरी टीव्ही उभाच न्यायचा. आडवा केला की सगळा भार काचेवर येतो, एका खड्ड्यात काम तमाम. खोक्यावर बाण काढलेला होता तो त्याने मला दोनदा दाखवला. मी म्हटलं, बाण वाचता येतो मला.

घरी नवऱ्याचं वेगळंच. "गादी टाकू अन् आडवा निजवू. आरामात जाईन."

"काऊन? बाळंतीण आहे का तो?"

ते दोरी शोधायला गेले. माझ्या नवऱ्याचा हा गुण मला फार आवडतो.

मी बाबांची पोरगी. बाबांचा टमाटा वर्ध्याच्या बाजारात फुटका निघाला, असं कोणी सांगावं मला! आंजीहून बैलगाडीत जायचा, पुढे ऑटोत जायचा, पण कॅरेट उघडलं की वरचा टमाटा तसा खालचा. लहानपणी मी कॅरेट भरायला बसायची तेव्हा माझा हात धरून दाखवायचे. "माल हलू नाई द्याचा, आन दाबूबी नाई द्याचा." एवढंच. पण ह्या दोन गोष्टी एकदम साधणं भल्याभल्यांना जमत नाही. कोणी दोरी अशी आवळतो की मालाचा भुगा, कोणी इतकी सैल ठेवतो की माल गाडीभर नाचतो.

रविवारी सकाळी दुकानाच्या व्हॅनची मागची सीट मी काढून टाकली. आमची ही गाडी मी शिकलेच मुळी माल आणायला, तेव्हा तिची इंच न् इंच जागा मला पाठ. खाली वाकळीच्या चार घड्या. त्यावर खोकं उभं, पुढच्या सीटच्या पाठीला लावून. दोन्ही बाजूंना उशा. दोरी बांधली ती खोक्याच्या कडांवरून, पोटावरून नाही. हलवून पाहिलं, हललं नाही. दोरीखाली बोट घालून पाहिलं, गेलं. झालं काम. त्याच्यामागे नवऱ्याला बसवलं आणि सांगितलं, दोन्ही हातांनी धरून ठेवा. आरशात पाहिलं तर मला खोकं आणि त्याच्या कडेवर नवऱ्याची दहा बोटं दिसत होती, जसं काही मध्ये अंतरपाट धरलाय.

"लग्नातबी एवढे गुमान नोते तुम्ही," मी म्हटलं.

"समोर पाहून चालव," अंतरपाटामागून आवाज आला.

गाडी मी अशी चालवली की बाप्पा! प्रत्येक ब्रेकरवर आधी थांबायचं, मग एक चाक, मग दुसरं. कापसाने भरलेला ट्रॅक्टरसुद्धा आमच्या पुढे निघून गेला. मागून हॉर्न मारत होते त्यांना मारू दिला. ज्याला घाई त्याने जावं.

आंजीच्या अलीकडे बाबांच्या शेजारची काकू रस्त्यात उभी, काखेत पेरूचं टोपलं. तिने हात केला. मी मनात म्हटलं, आज नाही, काकू. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबव. सासुरवाडीचं माणूस आहे."

आता हे आमच्याकडचं. जावयाने सासुरवाडीच्या माणसाला रस्त्यात सोडून गाडी पुढे नेली, तर ती गोष्ट गावात पोळ्यापर्यंत पुरते. थांबवावीच लागली. काकू माझ्या शेजारी बसली आणि बसता बसता टोपलं उचलून सरळ मागे, खोक्यावर!

"काकूऽऽ! उचल ते! काच आहे त्याच्यात!"

"माय वं, वरडते कायले? वर जागा होती म्हणून ठेवलं. आरसा व्हय का?"

"टीव्ही आहे. बाबांसाठी."

काकूने टोपलं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तुया बाप टीव्ही कुठी पाह्यते वं? नुसता म्होरं बसते. मॅच तं रेडिओवरच आयकते. सेल मीच आणून देतो त्याले."

मला असा राग आला! "लहानशा डब्ब्यात दिसत नाई म्हणून आयकत असतीन बाबा. म्हणून तं मोठा आणला." काकू टोपल्यातले पेरू सारखे करत बसली. मी मात्र पुढचा ब्रेकर जरा जोरातच घेतला, आणि मागून नवरा ओरडला.

बाबा दारातच उभे होते. नवऱ्याने आणि मी खोकं आत आणून ठेवलं, तसे बाबा त्याच्याजवळ बसले आणि कॅरेट तपासावं तसं हाताने तपासायला लागले. चारही कोपरे चाचपले. बुडाखालून हात फिरवला. दोरीचा वळ कुठे उमटलाय का, तेही बोटांनी पाहिलं.

"कुठीच दबला नाई. उभाच आणला?"

"उभाच."

"माल बराबर आणला, पोरी."

उभ्या आयुष्यात बाबांनी मला शाबासकी दिली असेल ती दोनदा, त्यातली ही एक. मी इतकी फुगले की काकूला मुद्दाम हाक मारून सांगावंसं वाटलं.

नवऱ्याने वायरी जोडल्या. मॅच लागली आणि त्या खोलीत अख्खं मैदान आलं. बाबा समोर खाटेवर बसलेले. मी दाराशी उभी, हातात किल्ली, दुकान उघडायचं होतं.

"दिसते का, बाबा, चेंडू?"

"दिसते म्हंजे? टमाट्याएवढा दिसते!"

जिंकले मी. "चला मंग, मी निघतो," म्हटलं. नवऱ्याच्या हातात नवा रिमोट होता, तो ते उलटसुलट करून पाहत होते. कुठलं बटण दाबलं कोणास ठाऊक, आवाज गेला. चित्र चालूच. त्याच बॉलला तिकडे दांडी उडाली. सगळे खेळाडू धावत आले, एकमेकांच्या गळ्यात पडले, बॅट्समन मान खाली घालून निघाला, बेचाळीस इंचांवर, बाबांच्या समोर.

बाबा थोडा वेळ तसेच हसऱ्या तोंडाने बसून राहिले. मग माझ्या दिशेने मान वळवून म्हणाले, "काऊन वं? खेळ थांबला का?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला काकूचे सेल आठवले.

"बाबा," मी म्हटलं, "टमाट्याएवढा दिसते म्हणाले ना तुम्ही?"

"तू एवढा जपून आणला. मंग काय म्हणू?" ते टीव्हीकडे बोट करून घाईघाईने म्हणाले, "हिरवं दिसते ना! लय मस्त हिरवं दिसते. लहान्यात तेबी नोतं दिसत." जसं काही चूक त्यांची होती आणि माझी समजूत त्यांनी काढायची होती. मला रडू आलं. मी ते दाबलंही नाही.

बाबांनी खाटेवर आपल्या बाजूला हाताने जागा केली. "टीव्ही उभा आणला, बरं केलं. तू तं बस."

मी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. म्हटलं, तुम्ही दुकान उघडा, संध्याकाळी मला न्यायला या. आणि बसले.

"आऊट झाला, बाबा. दांडी उडाली."

"कोणती? मधली?"

"मधली."

"आन चेंडू कुठी गेला?"

मी सांगितलं. दर बॉलला बाबा विचारत होते, कुठी गेला, आणि मी सांगत होते, शेवटचा बॉल होईस्तोवर.