कंपनीचा मँगो ज्यूस

आधीच सांगून ठेवते, दारूच्या दुकानात पाय ठेवायची माझी ती पहिलीच वेळ, आणि तीसुद्धा मी गेले भाव करायला. कारण आमच्या ह्यांना भाव करता येत नाही. इथे दुबईत ड्रॅगन मार्टमध्ये पडद्याचं कापड घ्यायला गेलो होतो, तर दुकानदाराने आकडा सांगितला आणि ह्यांनी लगेच पाकीट बाहेर काढलं. "अहो, थांबा की जरा!" म्हणून मी मनगटच धरलं. असल्या माणसाला मुलीच्या रिसेप्शनची बिअर आणि वाइन आणायला एकटं सोडायचं? छे!

हे म्हणजे प्रकाश भुवड. गुहागरकडचे. वय छप्पन्न, बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. आधी साइटवर टाइमकीपर होते, मग ती कंपनी बंद पडली आणि दोन हजार नऊपासून एका 'फूड अँड बेवरेज' कंपनीच्या वेअरहाऊसमध्ये स्टोअरकीपर. ज्यूस, पाणी, सरबतं. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमधून सकाळी पावणेसहाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कारपूलच्या गाडीत बसायचे आणि संध्याकाळी तो शर्ट तितकाच पांढरा परत आणायचे. गोदामात राबणाऱ्या माणसाचा शर्ट मळत कसा नाही, हा प्रश्न मला सोळा वर्षांत एकदाही पडला नाही. स्वतःला फार हुशार समजते ना मी!

आणि दर महिन्याच्या एक तारखेला हे मँगो ज्यूसचा एक खोका घेऊन यायचे. "कंपनीकडून," असं म्हणून ओट्याखाली सरकवून द्यायचे. अवनीचे सगळे वाढदिवस त्या ज्यूसवर झाले. शेजारणी आल्या की मी ग्लास भरून पुढे करायची, "घ्या हो, आमच्या ह्यांच्या कंपनीचा आहे." केवढा तोरा माझा!

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे वडील पोस्टात होते आणि दारूने गेले. चव्वेचाळीसाव्या वर्षी. शाळेत माझा पहिला नंबर आला, तेव्हा बक्षीस समारंभाला ते झिंगून आले आणि हेडमास्तरांच्या पायाशी आडवे झाले. टाळ्या वाजवायला जमलेलं अख्खं गाव हसलं. मी ते बक्षीस घ्यायला स्टेजवर गेलेच नाही. हे मला बघायला आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात देऊन मीच सगळ्यांसमोर विचारलं, "पिता का?" हे म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "नुसतं पिण्याचं नाही. दारूचा पैसा ज्या घरात येतो, तिथलं अन्न मी खाणार नाही. चालेल?" माझ्या मामाने कपाळावर हात मारला. ह्यांनी पोह्यांचा घास संपवला आणि म्हणाले, "चालेल."

तर अशी मी, आणि अशा माझ्या मुलीचं लग्न ठरलं निनादशी. दोघं सिलिकॉन ओएसिसमध्ये एकाच ऑफिसात. पोरगा सोन्यासारखा, घरचे पुण्याचे. लग्न सकाळी ऊद मेथातल्या हॉलमध्ये आणि रिसेप्शन संध्याकाळी त्यांच्या व्हिलाच्या लॉनवर, साठ माणसं. जेवण आमच्याकडे. हे सगळं ठरल्यावर निनादची आई, सुमेधाताई, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "थोडी बिअर, थोडी वाइन ठेवूया हं. ऑफिसची मंडळी आहेत. तुम्हाला अवघड वाटत असेल तर आम्ही आणतो."

मी घरी येऊन आकाशपाताळ एक केलं. अवनी म्हणाली, "आई, इट्स जस्ट बिअर अँड वाइन. नोबडी इज गोइंग टू फॉल डाउन." हे खिडकीजवळ पेपर धरून बसले होते. शेवटी मीच नमले, पण दोन अटींवर. व्याह्यांचे उपकार नकोत, आपणच आणायची. आणि पैसे अवनीच्या पगारातले, ह्यांच्या पगारातला एक फिल्सही त्यात जाणार नाही. अवनीने ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी पेपर उलटला. मला वाटलं, माझा धाक!

अवनीची मैत्रीण म्हणाली, दुबईत टॅक्स फार, उम्म अल कुवैनला स्वस्त मिळते, गाडी भरून आणा. ह्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "नाही. वाटेत शारजा लागतं, तिथे पूर्ण दारूबंदी. डिकीत बाटली सापडली तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास." मला वाटलं, पेपरात वाचलं असेल.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. दुकानाच्या काचा काळ्या, आत गारठा. मी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि नाक दाबून आत शिरले. आत वास कसलाच नव्हता. कुठल्याही सुपरमार्केटसारखं लख्ख, ओळीने मांडलेलं. मला उगाच राग आला. हे माझ्या मागे, मान खाली घालून, नव्या सुनेसारखे.

काउंटरवर अर्श नावाची पट्टी लावलेला एक पंजाबी पोरगा होता. मी त्याला म्हटलं, "भैया, शादी का माल लेना है, थोक का भाव बोलो." तो हसला, "मॅडम, यहाँ फिक्स्ड प्राइस है." मी म्हटलं, फिक्स्ड तर फिक्स्ड, आपण स्वस्तातली शोधू. आणि सापडली की! जांभळी बाटली, सोनेरी वेलबुट्टी, एकोणीस दिराम. म्हणजे साडेचारशे रुपये. आजूबाजूच्या सगळ्या तिशी-पस्तिशीच्या पुढे. मी म्हटलं, "हीच. दोन डझन द्या."

"ती नको," हे म्हणाले.

"का नको? काय वाईट आहे?"

"नको म्हटलं ना."

"अहो, पण कारण? तुम्हाला काय कळतं ह्यातलं? आतापर्यंत मुकाट उभे होतात ना?" मी बाटली ट्रॉलीत ठेवली. ह्यांनी ती उचलून परत ठेवली. मी पुन्हा घेतली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण ह्यांनी माझ्या हातातली वस्तू कधी काढून घेतलेली नव्हती. आणि तेवढ्यात ते बोलून गेले.

"शोभना, अवनीच्या लग्नात ही नाही द्यायची. उन्हाळ्यात कंटेनर बंदरात उन्हात पडून होता. अर्धी खेप आंबट म्हणून परत आलीय. मीच उतरवून घेतलीय."

मला वाक्य कळलं, अर्थ कळेना. "मीच म्हणजे कोण?"

हे ट्रॉलीतली बाटली पुन्हा फळीवर ठेवू लागले. अर्श मात्र मदतीला धावला, देव त्याचं भलं करो. "मॅडम, प्रकाश सर को सब पता है। पूरे गोदाम का माल इनके हाथ से निकलता है। सर, आप यहाँ क्यों आए? स्टाफ रेट में ले लेते ना!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय, ते मला त्या थंडगार दुकानात कळलं. मी ट्रॉलीचा दांडा धरून उभी. ह्यांचा चेहरा पांढराफटक. आणि मग काय झालं सांगू? मी म्हटलं, "घ्या. आता तुम्हीच घ्या." तर हे खरंच घ्यायला लागले! आणि बोलायलाही, घडाघडा. बिअर कॅनमधली घे, लवकर गार होते, लॉनवर काच फुटायला नको. साठातले पिणारे चाळीस, त्यातले बिअरवाले पंचवीस. वाइन चिलीची घे, स्वस्तातली असली तरी एकसारखी निघते. बुचाची नको, फिरकीच्या झाकणाची घे, वेटरला उघडायला सोपी. पांढरी जास्त, लाल कमी, कारण जेवणात मच्छी आहे. मी ऐकत होते. मला वाटत होतं, हा कोण परका माणूस माझ्या नवऱ्याचा शर्ट घालून उभा आहे?

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"दोन हजार नऊ."

"पहिल्या दिवसापासून?"

"कंपनी बुडाल्यावर व्हिसाला तीस दिवस होते, नाहीतर देश सोडायचा. सत्तावीस दिवस मी रोज बायोडेटा घेऊन फिरलो, शोभना. अठ्ठाविसाव्या दिवशी हे एकच काम मिळालं. अवनी नऊ वर्षांची होती. तुला सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस."

खरंच होतं ते. जेवले नसते. पोरीला घेऊन चिपळूणला निघून गेले असते, आईच्या दोन खोल्यांत. पण त्या वेळी मला ते खरं ऐकून घ्यायचं नव्हतं. "आणि शर्ट?"

"कंपनीचा युनिफॉर्म आहे. लॉकरमध्ये असतो. तिथेच धुतात."

"आणि तो ज्यूस?"

ह्यांनी गाडी सुरू केली. "लांबच्या एका ग्रोसरीतून घ्यायचो. किमतीचं लेबल पार्किंगमध्ये नखाने काढायचो."

देवा रे! नोकरी लपवली ती लपवली, त्याचा धक्का वेगळा. पण दर एक तारखेला, सोळा वर्षं, हा माणूस पार्किंगमध्ये उभा राहून नखाने लेबलं खरवडत होता! आणि मी त्या ज्यूसचे ग्लास भरभरून मिरवत होते! त्या क्षणी मला ह्यांना गदागदा हलवावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं, आणि दोन्ही एकदम जमेना म्हणून मी काहीच केलं नाही.

घरी आल्यावर अवनीला म्हटलं, "तुझे बाबा काय काम करतात ठाऊक आहे?" कार्टी शांतपणे म्हणाली, "आय नो, आई. सिन्स ग्रेड एट." म्हणजे घरात तिघं, त्यातल्या दोघांना ठाऊक, आणि तिसरी मी, मूर्ख!

त्या दिवसापासून मी वेगळी चूल मांडली. बॅचलर पोरांना मी डबे देते, सणाला मोदकांच्या ऑर्डरी घेते, त्या माझ्या पैशाचे तांदूळ, माझी डाळ, माझं दही. ह्यांच्यासाठी एक कुकर, माझ्यासाठी दुसरा. हे रोज जेवायला बसताना माझ्या ताटाकडे एकदा बघायचे आणि आपलं आपलं जेवायचे. असे अकरा दिवस.

लग्नाच्या दिवशी ऊद मेथाच्या हॉलवर पंगत उठत होती आणि नवरीची आई आतल्या खोलीत शालूवर टॉवेल अंथरून स्टीलच्या डब्यातला दहीभात खात होती. जेवणाचे पैसे ह्यांचे ना! सुमेधाताई आत आल्या आणि बघतच राहिल्या. मी म्हटलं, "पित्त झालंय." माझाही खोटेपणा सुरू झाला म्हणायचा, एका दहीभातासाठी. मला एक दिवस झेपेना, ह्यांनी सोळा वर्षं कसं निभावलं?

संध्याकाळी लॉनवर दिवे लागले. साठ माणसं, हसणं-खिदळणं. ह्यांनी निवडलेली बिअर बर्फात, वाइन टेबलावर. कोणी पडलं नाही, कोणी ओरडलं नाही. मी खुर्चीवर ताठ बसून एकेकाचे पाय बघत होते, लटपटतात का म्हणून. हे बारच्या बाजूलाच उभे होते आणि ज्याला गाडी चालवायची होती, त्याला एकही ग्लास भरू देत नव्हते. हळूच वेटरच्या कानात सांगायचे, इतकंच.

तेवढ्यात निनादचे मामा धनंजयराव ग्लास घेऊन आले. "वाइन फर्स्ट क्लास आहे हो! निवडली कोणी? आणि भुवडसाहेब, तुम्ही तरी घ्या ना, आज मुलीचं लग्न!"

"नाही, मी घेत नाही," हे म्हणाले.

"बरं, तुम्ही कोणत्या लाइनमध्ये?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत अख्खी सोळा वर्षं होती हो. मग मान खाली घातली आणि सवयीने म्हणाले, "बेवरेजमध्ये. ज्यूस... पाणी..."

"दारूच्या गोदामात आहेत," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला, चार माणसं वळली. "स्टोअरकीपर. सोळा वर्षं. मुलीचं सगळं शिक्षण त्याच पगारावर झालं, आणि ह्यांनी स्वतः एक थेंब प्यायलेला नाही. ही वाइन ह्यांनीच निवडलीय. मी निवडली असती तर आंबट प्यायला लागली असती तुम्हाला."

धनंजयराव म्हणाले, "अरे वा, उस्तादच की!" आणि हसत दुसरीकडे गेले. त्यांच्या दृष्टीने त्यात काहीच नव्हतं. हे मात्र उभ्या जागी डोळे पुसत होते, शर्टाच्या बाहीने.

"रडताय काय? माझं ताट आणा," मी म्हटलं. "भूक लागलीय. अकरा दिवसांची."

ह्यांनी ताट आणलं. स्वतः वाढून, सुरमई, सोलकढी, आणि माझ्यासाठी भाताची मूद काठाला, मला आवडते तशी. मी पहिला घास घेतला. हे बघत उभे. मग वाकून त्यांनी बारच्या टेबलाखालून एक खोका ओढला आणि त्यातला मँगो ज्यूस मला ग्लासात ओतून दिला. खोक्यावर ग्रोसरीचं लेबल तसंच होतं. बावीस दिराम. ह्या वेळी काढलं नव्हतं.

"म्हणजे सव्वापाचशे रुपये," मी म्हटलं. "भाव केला नाहीत ना?"

"नाही," हे म्हणाले.