किळसेचं पाप

नातालीनच्या सासूच्या पोटरीवर एक जखम होती आणि ती भरायचं नाव घेत नव्हती. ही गोष्ट तीस-एकतीस सालची, रत्नागिरीच्या मांडवीतली. डॉक्टरांनी हात टेकले, वैदूने पाला बांधून पाहिला, शेवटी उरली नातालीन. नवरा बोटीवर खलाशी. वर्षातून एकदा उगवायचा, आईच्या पायाकडे लांबूनच बघायचा आणि ‘सांभाळ हां’ म्हणून पुन्हा बोटीवर चढायचा. असल्या माणसाचं नाव सांगायचीही शिसारी येते.

रोज सकाळी नातालीन कडुनिंबाचा पाला उकळायची, पदर नाकाला बांधायची आणि चिकटलेली चिंधी भिजवून सोडवायची. काय तो वास! सुकी मासळी विकणारी बाई ती, कुजक्या बांगड्यालाही नाक न मुरडणारी; पण इथे तिचं काही चालायचं नाही. मागल्या दारी जाऊन ती ओकायची, चूळ भरायची आणि परत येऊन राहिलेला पाय धुवायची.

वर ही किळस ती पाप समजायची. महिन्यातून एकदा पाद्री यायचे. त्यांच्यापुढे गुडघे टेकून तिची दरवेळी तीच कबुली, “फादर, मला माझ्या सासूची किळस येते.” पाद्री प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना नेमून द्यायचे, ती भक्तिभावाने म्हणायची, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पाद्री नसतील त्या रविवारी कैतान मास्तर चर्चमध्ये बायबलातला शास्त्रपाठ वाचायचे आणि त्याला एखाद्या संताची गोष्ट जोडायचे. एका रविवारी पाठ निघाला वाटेत पडलेल्या जखमी माणसाचा, आणि गोष्ट एका संताची. त्याने महारोग्याची जखम धुतली, तर म्हणे तिला गुलाबाचा सुगंध सुटला!

“खऱ्या प्रेमाला किळस ठाऊक नसते,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी अत्तराचा रुमाल नाकाशी नेला. कारण जखमेचा वास अंगाला घेऊन समोरच्याच बाकावर नातालीन बसली होती. तिच्या शेजारच्या बायका तर केव्हाच सरकून बसल्या होत्या. थूः असल्या भक्तीवर!

नातालीनच्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं धुतलं, गुलाब सोडा, साधी पाकळी हुंगायला मिळाली नाही. म्हणजे आपली सेवा देवाला पोचतच नाही. मग करायची कशाला? तिने तिथेच ठरवलं, उद्या बैलगाडी सांगायची आणि म्हातारीला सरकारी दवाखान्यात टाकून यायचं.

घरी सासू, रुझारमाय, पाय पसरून वाट बघत होती. रविवारची गोष्ट तिला पाय धुऊन घेताना ऐकायची सवय.

“काय सांगितलान गो आज मास्तराने?”

नातालीनने गोष्ट तुटक तुटक सांगितली. “त्या संताला किळस आलीच नाय, माय. मला येते. उद्या गाडी आणते, तू दवाखान्यात जा.”

म्हातारी आपल्या पायाकडे बघत राहिली.

“येते ती ठाव हाय मला. मागल्या दारी ओकतेस, ते ऐकू येतं रोज. जायन मी. पण गो, गुलाबाचा वास येत होता, तर त्याने धुतलान ते काय मोठं? गुलाब कोण धुणार नाय?”

 नातालीनने पदर नाकाला बांधला आणि चिंधीवर कोमट पाणी ओतलं. वास तसाच आला. मागल्या दारी जाऊन ती ओकली आणि परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी गाडी सांगायला ती गेली नाही.

पुढल्या महिन्यात पाद्री आले. नातालीनने बाकीची सगळी पापं सांगितली. किळसेचं मात्र सांगितलं नाही.