दिवसा जागं राहण्याचा हप्ता

माझ्या वहिनीने कर्ज काढून कोर्स करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त विरोध केला तो मी. नणंद म्हणून नव्हे, हिशेब कळतो म्हणून. मी छपराचे पत्रे आणि रंग विकणाऱ्या दुकानात हिशेब लिहिते, आणि दादाची अशी समजूत आहे की कुठलाही आकडा माझ्यापुढे आला की खरं बोलायला लागतो. म्हणून त्याने कोर्सचं माहितीपत्रक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाला, बघ जरा, परवडतं का.

नव्हतं परवडत. वहिनी लग्नाआधीपासून इस्पितळात रात्रपाळीला नोंदणीच्या खिडकीवर बसायची. रात्री-अपरात्री जो येईल त्याला नाव काय, वय काय, कुठे लागलंय, अनामत किती भरता, हे काचेच्या भोकातून ओरडून विचारायचं. तिथले लोक तिला रातराणी म्हणत. आरोग्य प्रशासनाचं प्रमाणपत्र मिळवलं तर तिला दिवसाच्या कचेरीत जागा मिळणार होती. पगार पंधराशेनं वाढणार, पण दोन हजारांचा रात्रभत्ता जाणार. वर फीसाठी पतपेढीचं कर्ज, त्याचा हप्ता अठ्ठावीसशे. म्हणजे नवी जागा मिळाली की हप्ते फिटेपर्यंत दरमहा तेहतीसशेची खोट, आणि फिटल्यावरही पाचशेची खोट कायमची. शिकून माणूस गरीब होतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मी म्हटलं. दादा हसला. वहिनी भिंतीला टेकून डुलक्या घेत होती.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हेही मी ऐकवून घेतलं. त्यावर तिने डोळे न उघडता सांगितलं, "अंथरूण आहे हो वन्सं. रात्र नाहीये." एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हणाली की समजायचं, राग आलाय.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. वहिनी सकाळी यायची, आतल्या खोलीच्या खिडकीला काळं कापड लावून झोपायची, आणि घर गप्प व्हायचं. बेलची तार दादाने केव्हाच काढून ठेवली होती. येणाऱ्याने दारावर नखांनी वाजवायचं, हे अख्ख्या जिन्याला ठाऊक होतं. भांडी टॉवेलवर पालथी घालायची, नळ बारीक सोडायचा, टीव्ही बघायचा तो आवाज बंद करून. दादा लाकडाच्या वखारीत करवतीशेजारी दिवसभर ओरडून बोलणारा माणूस, पण सुट्टीच्या दिवशी स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरायचा. त्यांची मुलगी छकुली सात वर्षांची. टीव्हीतली माणसं काय बोलतात ते ती नुसत्या ओठांवरून ओळखायची, आणि आम्हाला त्याचं भारी कौतुक होतं. आल्यागेल्याला सांगायचो, पोर इतकी शहाणी की घरात आहे की नाही ते कळत नाही.

मग शाळेच्या बाईंनी बोलावणं पाठवलं. वर्गात वाचायला उभी केली की छकुलीचे ओठ हलतात, आवाज निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. कान तपासून घ्या म्हणाल्या. दादाने पोरीला सकाळीच इस्पितळात नेऊन सोडलं, आणि वहिनीने पाळी संपल्या संपल्या तिला कानाच्या डॉक्टरांपुढे बसवलं. तिथून तिला शाळेत पोचवून ती घरी गेली नाही. माझ्या दुकानात आली आणि रंगाच्या एका मोठ्या डब्यावर बसली.

"कान चांगले आहेत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी फार आजारी असतं का? मी म्हटलं, नाही."

मी पाणी दिलं. ते ती निम्मं प्यायली आणि पेला तसाच हातात धरून बसली.

"तुझा हिशेब बरोबर आहे. मी तीनदा करून पाहिला. पण मी थकलेय गं. आणि माझ्या झोपेपायी पोरीचा आवाज चाललाय."

मला राग आला. तो नक्की कुणाचा, हे मला आजही सांगता येणार नाही. दादाची नोकरी कच्ची, त्यामुळे पतपेढीला त्याचा जामीन चालत नव्हता. संध्याकाळी मी जाऊन सही केली. आकडा विरोधात आणि सही बाजूने. दुकानात असा कारभार केला असता तर मालकाने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

पुढचं वर्ष सांगण्यासारखं नाही. रात्री खिडकी, सुट्टीच्या दिवशी वर्ग, आणि मधल्या वेळात जी काय झोप मिळेल ती. एकदा ती जिन्यात बसून झोपली, हातात किल्ली तशीच. दादाने जादा काम धरलं. वहिनी पास झाली, तरी दिवसाची जागा रिकामी व्हायला आणखी चार महिने गेले. हप्ता मात्र एकदाही वाट पाहत थांबला नाही.

जागा मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी दुपारी त्यांच्याकडे गेले. सवयीने दार नखांनी वाजवलं. दादाने सवयीने अलगद उघडलं. आत टीव्ही चालू होता, आवाज बंद. वहिनी खुर्चीत बसली होती, टक्क जागी, आणि तरीही सगळे कुजबुजत होते.

"अरे, मी जागी आहे," ती म्हणाली. "बोला की मोठ्यानं."

दादाने घसा साफ केला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. छकुली उठली, आईच्या कानाशी गेली आणि हळूच म्हणाली, "तू आता कधी झोपणार?"

"रात्री. सगळ्यांसारखी."

"मग आता रात्री गप्प बसायचं का?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला तिथे बसवेना. दादा मात्र उठला, फळीवरून स्क्रूड्रायव्हर काढला, स्टुलावर चढला आणि बेलची तार जोडायला लागला. जोडून झाल्यावर पोरीला म्हणाला, बाहेर जा आणि दाब.

ती गेली. आम्ही दार लावून घेतलं आणि थांबलो. बराच वेळ काही झालं नाही. मग दारावर नखं वाजली.

वहिनी उठून बाहेर गेली आणि मागे दार ओढून घेतलं. तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मग बेल वाजली, आणि वाजतच राहिली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. दादा स्टुलावरून उतरलाच नाही. मी मनात परत एकदा बेरीज-वजाबाकी केली. उत्तर तेच आलं, तेहतीसशेची खोट.

"वाजवू दे," मी दादाला म्हटलं.