पेटी रिकामी करायची नसते

अण्णांनी प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. आत अर्धा किलोभर मैदा होता आणि तो चालत होता.

अण्णांची कसबा बावड्यात बेकरी. आमच्या मिलचं शहरातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मिल गडमुडशिंगीच्या वाटेवर. रोलर फ्लोअर मिल, म्हणजे गव्हाचा मैदा, रवा, आटा करणारी मोठी गिरणी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तिथं नवी केमिस्ट, नोकरी अजून पक्की व्हायची होती.

"मॅडम, आम्ही मैदा मागवलता," अण्णा म्हणाले. "कोंबड्यांचं खाद्य न्हवं."

मॅनेजर साहेब धावत आले. त्यांनी आधी नाकाला रुमाल लावला आणि मग माझ्याकडं बघितलं, कारण त्या लॉटवर सही माझी होती. अण्णांना चहा पाजून वाटेला लावल्यावर ते म्हणाले, "कांबळे मॅडम, हे गिऱ्हाईक गेलं तर तुमचं कन्फर्मेशन मी मालकांकडं कुठल्या तोंडानं मागू?" मला रडू नाही, राग आला. तो लॉट मी स्वतः चाळून बघितला होता.

मिलमध्ये ज्याला त्याला मत होतं. हमालांच्या मते किडे म्हणजे मालाला औषध मारलं नसल्याची खूण, त्यात तक्रार कसली. ड्रायव्हर म्हणाला, भाजल्यावर कुणाला दिसतंय. अकाउंटंटनी मात्र त्या दिवसापासून डब्यातली चपाती उजेडाला धरून बघायला सुरुवात केली.

मी तो मैदा काळ्या कागदावर पसरला आणि भिंग घेतलं. गव्हात होतो तो सोंड्या. त्याला खरंच सोंड असते. हा तो नव्हता. हा पिठात राहणारा, तांबूस, चपटा पोरकिडा. अंड्यापासून मोठा व्हायला त्याला महिनाभर तरी लागतो. माझ्यासमोर मोठे किडे होते, सगळ्या वयाच्या अळ्या होत्या, त्यांनी टाकलेल्या काती होत्या आणि उग्र वास होता. आमचं पोतं अण्णांकडं पोचून दोन दिवस झाले होते. दोन दिवसांत पणजीपासून पणतीपर्यंत कुणाचंच घराणं होत नाही.

साहेबांना हे पटलं, पण गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची त्यांची तयारी नव्हती. मी स्कूटर काढली आणि बावड्याला गेले.

बेकरीत आमची पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब, नीट रचलेली होती. एक उसवून चाळलं. स्वच्छ. मग माझी नजर भट्टीजवळच्या लाकडी पेटीवर गेली. कमरेइतकी उंच, झाकणावर हळदकुंकू. पोतं तिच्यात ओतायचं आणि लागेल तसा मैदा काढायचा, असा तिथला शिरस्ता. पेटी शेवटची रिकामी कधी केली होती, असं मी विचारलं. कारागीर एकमेकांकडं बघायला लागले. अण्णा भट्टीत बघायला लागले. उत्तर काउंटरवरून आलं. तिथं अण्णांच्या आई, आक्का, बसल्या होत्या.

"रिकामी करायची नसती ती."

आक्कांच्या सासऱ्यांनी बेकरी काढली तेव्हापासून पेटीच्या तळाला मूठभर मैदा राहू द्यायचा आणि वर नवा ओतायचा. पेटीचा तळ दिसला की लक्ष्मी घराबाहेर गेली. माझी आईसुद्धा पिठाचा डबा कधी पालथा घालत नाही, त्यामुळं मला हसता येईना. फक्त इथं मुठीची पायली झाली होती, आणि तिथल्या बिऱ्हाडाला आम्ही नेमानं ताजा मैदा पुरवत होतो.

मी आक्कांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं.

"कवापासनं हाईत म्हणायची ही?"

"तुमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून असतील."

"मग घरचीच हाईत की," म्हणून त्यांनी भिंग परत केलं.

अण्णांनी कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकं पाव परत आणून द्यायला लागली आहेत, असं त्यांनी सांगून बघितलं. पण माझ्या टेबलापुढं निघालेला आवाज आईपुढं निम्माही निघत नव्हता.

खाण्याच्या जिनसांत औषध फवारता येत नाही. फवारलं तरी तळाचं पीठ तिथंच राहिलं तर काय उपयोग? मी भट्टीकडं बघितलं. सकाळचा माल निघाला होता, भट्टी निवत आली होती. पोरकिड्याला उष्णता सोसत नाही. त्याची अंडीसुद्धा चांगली तापली की मरतात.

"आक्का, मूठ टाकायची नाही. भट्टीतनं काढायची आणि परत पेटीत ठेवायची. चालेल?"

"भट्टीतनं तर आमचं सगळंच जातंय," त्या म्हणाल्या. "पर तंवर पेटी रिकामी कशी ठेवायची?"

तोवर पेटीत नारळ ठेवायचा ठरलं. कारागिरांनी अख्खी पेटी घासली ती नारळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत. मूठभर मैदा ट्रेमध्ये पसरून भट्टीत गेला. तळाचा घट्ट थर मात्र उलथन्यानं खरवडून काढावा लागला. त्यात काय काय होतं ते लिहीत नाही, कुणी जेवताना वाचत असेल. आक्कांनी तो थर बघितला, पदर तोंडाला लावला आणि लेकाकडं वळल्या.

"आन् ह्ये तू लोकास्नी खायला घालत हुतास व्हय रं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी नारळाकडं बघितलं.

तक्रार त्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवरच मागं घेतली. साहेबांनी मला रिपोर्टला काय लिहायचं ते विचारलं. मी झालं तसं सांगितलं: मूठ भाजली, पेटी घासली, नारळ ठेवला. त्यांनी 'हीट ट्रीटमेंट आणि सॅनिटेशन' असं लिहिलं. नारळ वगळला. त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की झाली.

पुढं कितीतरी वर्षांनी पाव घ्यायला त्या बेकरीत गेले. दसरा जवळ आला होता आणि आत पेटी धुणं चाललं होतं. काउंटरवरच्या नव्या माणसानं मला कौतुकानं सांगितलं की दर दसऱ्याला पेटी घासून तळाची मूठ भट्टीत भाजायची, ही रीत मालकांच्या आजोबांनी घालून दिली आहे. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. केमिस्टनं सांगितलंय म्हणून दर वर्षी कुणी पेटी घासली नसती.