मल्लम्मा आत्याचं अपील

माझी आत्या मल्लम्मा चोर होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक माझ्यामागं कुजबुजले की माझं डोकं फिरतं. पण लुटारू ती नव्हती, आणि तेवढ्यासाठी ती लातूरच्या कोर्टापर्यंत गेली.

लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती आणि दोन पावसाळे कोरडे गेले होते. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की आत्याचा दोर पुरेना. निलंग्याच्या बाजारात एका दुकानातून तिनं दोराचं भेंडोळं पदराखाली घातलं. दुकानदारानं पाहिलं. आत्यानं दोर तिथंच टाकला आणि ती निघाली, तर त्यानं मागून तिच्या गळ्यालाच हात घातला. आत्यानं त्याला असं ढकललं की तो काउंटरवर आपटला नि दात पडला. चोरीत मारहाण, म्हणून जबरी चोरी. एक वर्षाची कैद. अपील केलं म्हणून दोन महिन्यांनी जामीन मिळाला.

"का ढकललं?" असं खालच्या कोर्टात विचारलं, तेव्हा आत्या गप्प राहिली होती. अपिलाचे वकील जलीलसाहेब. त्यांनी कागद वाचून तोच प्रश्न केला आणि या वेळी ती बोलली. तिच्या गळ्यात इष्टलिंग होतं. आम्हा लिंगायतांत ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. ते ज्या दोऱ्यानं गळ्यात बांधतात तो शिवदारा दुकानदाराच्या मुठीत आला आणि तुटला. गावच्या स्वामींनी नंतर गुपचूप नवा बांधून दिला. पण अंगावरचा देव निसटला हे चारचौघांत सांगायची तिला लाज वाटली. त्यापेक्षा तुरुंग बरा! त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

"मल्लम्माबाई," जलीलसाहेब म्हणाले, "तुम्ही दोर आधी टाकला, हे दुकानदाराच्याच जबानीत हाय. ढकललं ते दोरासाठी न्हाई. पण कशासाठी, ते कोर्टात सांगावं लागंल."

माझे वडील शरणप्पा मधेच म्हणाले, "वकीलसाब, दोर घेतलाच न्हाई म्हणून टाका की. सगळंच मिटंल."

"घेतलाय की मी," आत्या भावावर कडाडली. "अन् शिवदाऱ्याचं बी सांगा साहेब. सगळ्यांदेखत सांगा."

सुनावणीला अर्धं गाव आलं होतं. जलीलसाहेबांनी सगळं सांगितलं, तेव्हा गावाच्या माना खाली गेल्या, आत्याची नाही. ती सरळ जजसाहेबांकडं बघत उभी होती. माझ्या घरात अशी बाई आहे, या विचारानं मला रडू फुटलं.

निकाल लागला: जबरी चोरी रद्द, साधी चोरी कायम, भोगलेली कैद पुरेशी.

बाहेर आल्यावर शेजारच्या गुणाबाईनं तिला मिठी मारली. "मल्लम्मा, निर्दोष सुटलीस गं!"

"निर्दोष कशाची?" आत्यानं तिला बाजूला केलं. "चोरी केलती, ती लिवलीय सायबानं. जेवढं केलं तेवढंच माझ्या नावावर हाय आता."