बिनकामाची केबल

नूरबानो शेखला हट्टी म्हणणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. गंगापूर रोडवरच्या आमच्या हॉस्पिटलात मी रिपोर्ट काउंटरला बसते आणि ती नेटवर्क सांभाळते. रोज मनमाडहून गाडीने येते, खांद्याला सॅक, सॅकमध्ये डबा आणि केबलचं वेटोळं. डब्यातला घास हक्काने आमच्या पुढ्यात ठेवेल, पण कामात कुणी नाक खुपसलेलं तिला खपत नाही.

तिचं आणि मॅनेजर ओम अहिररावांचं वाजलं ते एका केबलवरून. आमच्याकडे स्कॅन तळमजल्यावर होतो आणि डॉक्टर तो तिसऱ्या मजल्यावर बसून बघतात. पूर्वी खालच्या राउटरपासून वरपर्यंत एकच निळी केबल होती. आषाढात उंदराने ती कुरतडली. नेमकं तेव्हाच नांदगावच्या चिमणाबाईंना अर्धांगाचा झटका आला म्हणून आणलं होतं. स्कॅन झाला, पण चित्रं वर पोचेनात. शेवटी डॉक्टरच धावत जिने उतरून खाली आले. बाई वाचल्या, उजवा हात मात्र अजून लुळाच आहे. त्या वाया गेलेल्या वेळाने किती बिघडवलं, कुणालाच सांगता यायचं नाही. नूर त्या दिवशी जेवली नाही.

निळी तिने त्याच दिवशी जोडून घेतली आणि पुढच्याच आठवड्यात मागच्या जिन्याने दुसरी, पिवळी केबल वर नेली. राउटरचे दोन पोर्ट, म्हणजे केबल खुपसायच्या दोन खाचा, एकत्र बांधले, वरच्या टोकालाही तसंच केलं. केबल दोन, पण यंत्रांच्या लेखी रस्ता एकच. दोन्ही धड असतील तेव्हा काम वाटून घ्यायचं, एक गेली तर दुसरीने सगळं ओढायचं. मलासुद्धा कळलं, इतकं सोपं.

अहिररावांना कळून घ्यायचं नव्हतं. तो पोर्ट त्यांना मीटिंग हॉलमधल्या नव्या टीव्हीसाठी हवा होता.

"इतकी वर्षं एकीवर चाललंच ना?" ते म्हणाले. "दसऱ्याच्या आत ती बिनकामाची केबल काढ. तुझा करारही दसऱ्यालाच संपतोय, लक्षात आहे ना?"

"आहे सर. काढायची तर लेखी द्या. त्यात लिहा, उद्या केबल तुटून पेशंटचा स्कॅन अडकला तर जबाबदारी तुमची."

लेखी काही आलं नाही. मी तिला म्हटलं, "अगं, आधी नोकरी टिकव. घर तुझ्या एकटीच्या पगारावर चालतं."

"आणि चिमणाबाईंच्या हाताला काय सांगू?" तिने विचारलं. मला स्वतःचाच राग आला.

मग खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते, राउटरचीसुद्धा. वॉर्डातले देवरामकाका दरवर्षी तो पुसतात, हळदकुंकू लावतात आणि झेंडूची माळ घालतात. माळ नीट बसावी म्हणून केबल उपसून ठेवतात. मग वरून बोंब येते, चित्रं थांबली! कुणी रागवत नाही. यंत्रानेही आज घटकाभर टेकावं, असं सगळे धरून चालतात.

यंदाही काकांनी केबल उपसली. आत कुणाच्या तरी गुडघ्याचा स्कॅन चालू होता. माळ घालून झाली, नारळ फुटला, तरी वरून बोंब आली नाही.

अहिररावांचा चेहरा खुलला. "बघा! केबल निघाली, अडलं का काही? मी काय सांगत होतो? बिनकामाची!"

"सर, ती निळी आहे," नूर म्हणाली. "जुनी. जिच्यावर इतकी वर्षं चाललं, ती."

काका कावरेबावरे झाले. "ताई, दरसाली हीच काढतो म्या. माळ बसत नाय ना तिच्यामुळं."

"तुमचं काही चुकलं नाही, काका." तिने निळी परत लावली, तिचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबली आणि सगळ्यांदेखत पिवळी उपसून हातात धरली. मला म्हणाली, "वर फोन लाव. स्पीकरवर."

मी लावला. चित्रं येतायत का, विचारलं. "येतायत की. का, काय झालं?" वरून आवाज आला.

नूर अहिररावांसमोर जाऊन उभी राहिली. "आता तुम्ही बोट ठेवा, सर. बिनकामाची कोणती? आत्ता कापते."

अहिरराव माळेकडे बघत म्हणाले, "बरं, राहू दे दोन्ही."

"तोंडी नको. माझा करार करा नाहीतर नका करू, मी नसले तरी ही केबल निघता कामा नये. लेखी द्या."

अहिररावांनी पूजेचं ताट बाजूला सारलं आणि तिथेच लिहून सही केली. तो कागद तिने राउटरच्या कपाटाला आतून चिकटवला आणि पिवळी केबल जागेवर लावली. कराराचं तिने विचारलंसुद्धा नाही.